गरिबी ५ टक्के की २४? विषमता घटली की वाढली? भारताचे आकडे कसे वाचायचे

प्रश्न असा आहे. जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार भारतातले अतिदारिद्र्य ५.३ टक्क्यांवर आले आहे. त्याच बँकेच्या गिनी गुणांकाचा (विषमतेचे माप; जितका कमी तितकी समानता जास्त) आधार घेऊन जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या प्रसिद्धिपत्रकाने भारत समानतेत जगात चौथा असल्याचे सांगितले. दुसरीकडे २०२४ मध्ये पॅरिसच्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबचा अभ्यास आला. देशाच्या एकूण उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या १ टक्का लोकांकडे जातो, असे त्यात आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असेल? आणि साध्या घराची कमाई वाढते आहे का?

थोडक्यात सांगायचे तर गरिबी खरोखर कमी झाली आहे. किती, यावर वाद आहे. विषमता घटली हे मात्र सिद्ध झालेले नाही, कारण घरखर्चाच्या ज्या सरकारी पाहणीवरून तसे म्हटले जाते ती पाहणी विषमता जिथे सर्वांत जास्त आहे तिथपर्यंत पोचतच नाही. आणि घरांच्या उत्पन्नाचा पूर्ण, अधिकृत, देशव्यापी आकडा आजवर आपल्याकडे नव्हताच. भारतात उत्पन्न मोजले जात नाही, खर्च मोजला जातो. बहुतेक गोंधळ इथून सुरू होतो.

उत्पन्न का मोजले जात नाही, ते आधी पाहू. प्रयत्न झाले होते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ९व्या आणि १४व्या फेरीत, म्हणजे १९५० च्या दशकात, आणि नंतर १९६० च्या दशकात १९व्या व २४व्या फेरीत उत्पन्नाचे प्रश्न विचारले गेले. १९८० च्या दशकात प्रायोगिक पाहणीही झाली. दर वेळी लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांच्याच खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरले. मग तो नाद सोडून दिला गेला. लोक खोटे बोलतात म्हणून असे होते, एवढेच त्याचे उत्तर नाही. पगारदाराला आपला पगार तोंडपाठ असतो. शेतकरी, टपरीवाला, रिक्षावाला किंवा घरी शिवणकाम करणारी बाई यांच्याकडे ‘मासिक उत्पन्न’ अशी ठरलेली रक्कमच नसते.

एक नमुना घ्या. आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. विदर्भातल्या एका घराने ५ एकर सोयाबीन घेतले, एकरी ७ क्विंटल उतारा आला आणि ४,२०० रुपये भाव मिळाला. ३५ क्विंटलचे १,४७,००० रुपये झाले. बियाणे, खत, फवारणी, निंदणी, मळणी असा रोख खर्च एकरी १८,००० धरला तर ९०,००० गेले आणि ५७,००० उरले. पण नवरा-बायको दोघे हंगामात मिळून १२० दिवस स्वतःच्याच शेतात राबले. ते दिवस ३०० रुपये रोजाने धरले तर ३६,००० आणखी वजा होतात आणि उरतात २१,०००. त्या घराचे सोयाबीनचे उत्पन्न १,४७,०००, ५७,००० की २१,०००? प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघांच्या मनात यांतला वेगवेगळा आकडा असतो. त्यात पाऊस गेला तर पुढच्या वर्षी उत्पन्न उणे, पण घराचा खर्च चालूच. उसनवार, सोनेतारण, सोसायटीचे कर्ज यांतून तो भागतो.

हा फरक कागदावरही दिसतो. शेतकरी कुटुंबांच्या २०१९ च्या पाहणीत (संदर्भकाळ जुलै २०१८ ते जून २०१९) फक्त रोख खर्च वजा केल्यावर सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आले, आणि घरच्या निविष्ठांची (बियाणे, खत अशा साधनांची) किंमतही वजा केल्यावर ८,३३७. त्या १०,२१८ रुपयांची फोड बघण्यासारखी आहे. मजुरी-पगारातून ४,०६३, पिकांतून ३,७९८, जनावरांतून १,५८२, बिगरशेती धंद्यातून ६४१ आणि जमीन खंडाने देऊन १३४. शेतकरी म्हणवल्या जाणाऱ्या घराला पिकांपेक्षा मजुरीतून जास्त मिळते! शेतमालाच्या भावावर बोलताना ही फोड हाताशी ठेवावी, कारण भाव वाढला तरी उत्पन्नाच्या साधारण ३७ टक्के भागालाच त्याचा थेट हात लागतो.

म्हणून आपल्याकडे गरिबीचा हिशेब खर्चावरून होतो. त्यातले एक सुरुवातीचे महत्त्वाचे काम पुण्याचे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या अभ्यासात माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही कसोटी धरली होती. १९६०-६१ च्या भावाने ती रक्कम खेड्यात वर्षाला १८० आणि शहरात २७० रुपये भरली. त्या कसोटीवर खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक कमी पडत होते. पुढे अलघ, लकडावाला, तेंडुलकर आणि रंगराजन यांच्या नेतृत्वाखाली समित्या झाल्या. प्रत्येकीने रेषा बदलली, पण खर्चाचा पाया सोडला नाही.

शेवटची सरकारमान्य रेषा तेंडुलकरांच्या पद्धतीची आहे. २०११-१२ मध्ये देशासाठी ती खेड्यात माणशी महिना ८१६ रुपये आणि शहरात १,००० रुपये होती, आणि त्याखाली २१.९ टक्के लोक होते. रंगराजन समितीने २०१४ मध्ये रेषा ९७२ आणि १,४०७ धरली, तर त्याच वर्षाचे, त्याच पाहणीतले गरीब २९.५ टक्के झाले. लोक तेच आणि त्यांचा खर्चही तोच. फक्त रेषा थोडी वर सरकली आणि सुमारे ९ कोटी माणसे खाली गेली. रंगराजन अहवाल सरकारने अधिकृतपणे स्वीकारला नाही आणि त्यानंतर नवी राष्ट्रीय दारिद्र्यरेषा ठरलेलीच नाही. आज कोणी ‘सरकारी आकड्यानुसार गरिबी अमुक टक्के’ म्हणाले तर पहिला प्रश्न विचारावा, रेषा कोणाची?

आता पद्धतीचा भाग. तो किचकट आहे, पण इथेच सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा सावकाश पाहू.

खर्च विचारताना ‘किती दिवसांतला’ हे ठरवावे लागते. एक जुनी पद्धत सगळ्याच वस्तूंसाठी गेल्या ३० दिवसांचा खर्च विचारत असे. दुसरी, मिश्र पद्धत कपडे, चपला, शिक्षण, दवाखान्यात दाखल होण्याचा खर्च आणि टिकाऊ वस्तू यांसाठी ३६५ दिवस आणि बाकीसाठी ३० दिवस धरते. तिसरी, सुधारित मिश्र पद्धत भाजी, फळे, तेल, अंडी, मासे-मटण, मसाले, बाहेरचे खाणे अशांसाठी फक्त ७ दिवस धरते, कारण महिनाभराची भाजी कोणाला आठवत नाही. २०११-१२ मध्ये तिन्ही पद्धतींचे आकडे निघाले. खेड्यांतला माणशी मासिक खर्च पहिल्या पद्धतीने १,२७९, दुसऱ्या पद्धतीने १,२८७ आणि तिसऱ्या पद्धतीने १,४३० रुपये. शहरांत दुसरीने २,४७७, तिसरीने २,६३०. प्रश्न बदलला की खेड्यातला माणूस ११ टक्के ‘श्रीमंत’ होतो.

तेंडुलकरांची ८१६ ची रेषा दुसऱ्या पद्धतीवर बेतलेली आहे. २०२२-२३ ची घरगुती उपभोग खर्च पाहणी तिसऱ्या पद्धतीची आहे. अनेक जण जुनी रेषा महागाई निर्देशांकाने फुगवतात, नव्या पाहणीला लावतात आणि २१.९ वरून ५ टक्क्यांच्या आसपास अशी घसरण दाखवतात. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने २०२३-२४ साठी अशीच रेषा खेड्यात १,६३२ आणि शहरात १,९४४ धरून गरिबी ४.८६ आणि ४.०९ टक्के काढली. घसरण खरी आहे, पण तिचा एक भाग निव्वळ मोजपट्टी बदलल्याचा आहे. शिवाय नव्या पाहणीत वस्तू ३४७ च्या ठिकाणी ४०५ झाल्या आणि एकाच बैठकीऐवजी एकाच घरी तीन महिन्यांत तीनदा जाऊन अन्न, नेहमीच्या वस्तू-सेवा आणि टिकाऊ वस्तू असे तीन वेगळे फॉर्म भरले गेले. उत्तर देणारा थकत नाही आणि कमी वस्तू विसरतो. पद्धत म्हणून ही चांगलीच सुधारणा आहे. फक्त जुन्या वर्षाशी सरळ तुलना करताना सैल हात नको.

जागतिक बँकेने २०११-१२ साठीही सुधारित मिश्र पद्धतच घेतली, म्हणून तिची तुलना जास्त प्रामाणिक आहे. जून २०२५ मध्ये तिने अतिदारिद्र्याची रेषा रोजी २.१५ वरून ३ डॉलरवर नेली. त्या रेषेखाली २०११-१२ मध्ये २७.१ टक्के आणि २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के भारतीय. जुन्या २.१५ च्या रेषेने १६.२ वरून २.३ टक्के. आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठीच्या ४.२० डॉलरच्या रेषेने ५७.७ वरून २३.९ टक्के. मथळ्यातला ५ आणि २४ चा घोळ एवढाच आहे.

इथे एक चूक हमखास होते. ३ डॉलर म्हटले की लोक ८५ ने गुणतात आणि ‘रोज २५५ रुपये? मग निम्मा देश गरीब’ असे म्हणतात. हे डॉलर बाजारातल्या विनिमय दराचे नाहीत. अमेरिकेत १ डॉलरला जेवढे येते तेवढे भारतात घ्यायला किती रुपये लागतील, असा क्रयशक्तीचा दर त्यांना लावतात आणि तो २० रुपयांच्या आसपास आहे. म्हणून ३ डॉलर हे २०२१ च्या भावाने माणशी रोज साधारण ६० रुपये आणि ४.२० डॉलर साधारण ८५ रुपये. या दोन रेषांच्या मध्ये देशाचे १८.६ टक्के, म्हणजे सुमारे २६ कोटी लोक राहतात. रोजच्या २५ रुपयांच्या पट्ट्यात २६ कोटी! घरातला कमावता आजारी पडला किंवा एक हंगाम बुडाला की यांतले किती खाली जातील, ते कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही. गरिबी घटली हे मान्य करतानाच तिच्या काठावर केवढी गर्दी आहे हेही सांगितले पाहिजे, आणि ते फारसे सांगितले जात नाही याचे मला वाईट वाटते.

बहुआयामी गरिबीचा निर्देशांक हे वेगळेच प्रकरण आहे. त्यात पैसा मोजतच नाहीत. पोषण, शाळा, शौचालय, स्वयंपाकाचे इंधन, वीज, बँक खाते असे १२ निकष आहेत. त्याचे आकडे २४.८५ टक्क्यांवरून (२०१५-१६) १४.९६ टक्क्यांवर (२०१९-२१) आले. महाराष्ट्रात १४.८० वरून ७.८१. हा निर्देशांक सरकारी योजनांनी पोचवलेल्या सोयी दाखवतो. स्वयंपाक मुख्यतः लाकूड-गोवऱ्यांऐवजी गॅसवर होऊ लागला की इंधनाचा निकष पुरा होतो, मग हातात पैसा असो वा नसो. ‘२४ कोटी ८२ लाख लोक गरिबीतून बाहेर’ हा गाजलेला आकडा या निर्देशांकाचा आहे आणि त्यातली २०१३-१४ व २०२२-२३ ही दोन्ही टोके पाहणीतली नसून अंदाजाने पुढे-मागे ताणलेली आहेत. खर्चावरच्या गरिबीत तो आकडा मिसळू नये.

आता विषमता. पाहणीनुसार खर्चाचा गिनी गुणांक खेड्यांत २०११-१२ मध्ये ०.२८३, २०२२-२३ मध्ये ०.२६६ आणि २०२३-२४ मध्ये ०.२३७. शहरांत ०.३६३, ०.३१४, ०.२८४. शून्य म्हणजे सगळे सारखे, एक म्हणजे सगळे एकाकडे. आकडे उतरते आहेत, हे खरेच. पण ‘जगात चौथे’ म्हणताना ज्यांच्या रांगेत आपल्याला बसवले ते स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया असे देश आहेत आणि तिथला गुणांक उत्पन्नाचा आहे. आपला २५.५ (म्हणजे ०.२५५) खर्चाचा. उत्पन्न वाढत जाते तसा खर्चाचा वाटा कमी होतो. महिना २०,००० कमावणारे घर १९,००० खर्चते. २ लाख कमावणारे घर ९०,००० खर्चते, बाकीचे एसआयपी, फ्लॅटचा हप्ता, सोने. उत्पन्नात दोघांत दहापट अंतर, खर्चात पाचपटही नाही. खर्चाचा गिनी उत्पन्नाच्या गिनीपेक्षा जवळजवळ नेहमीच खाली असतो. भारतात उत्पन्न विचारणाऱ्या ज्या मोजक्या पाहण्या झाल्या, उदाहरणार्थ एनसीएईआर ही दिल्लीची संशोधन संस्था आणि अमेरिकेतले मेरीलँड विद्यापीठ यांची २००४-०५ व २०११-१२ ची मानव विकास पाहणी, त्यांत उत्पन्नाचा गिनी ०.५ च्या वर आला. चौथा क्रमांक दोन वेगळ्या मापांची तुलना करून मिळालेला आहे. तो टिकणारा नाही.

दुसरी अडचण वरच्या टोकाची. पाहणीत शहरांतली घरे निवडताना चारचाकी आहे का आणि तिची किंमत १० लाखांच्या वर आहे का, असे थर पाडले होते. श्रीमंत घरे सुटू नयेत म्हणून केलेली ही चांगली तजवीज. तरी गेटवर वॉचमन अडवतो, मालक घरी नसतात, नोकर उत्तर देतो. परिणाम आकड्यांत दिसतो. शहरांतल्या वरच्या ५ टक्के लोकांचा सरासरी माणशी मासिक खर्च २०२२-२३ मध्ये २०,८२४ रुपये होता, पुढच्या वर्षी २०,३१०. खेड्यांत १०,५०१ वरून १०,१३७. त्याच काळात खालच्या ५ टक्क्यांचा शहरांत २,००१ वरून २,३७६ आणि खेड्यांत १,३७३ वरून १,६७७ झाला. महागाई चालू असताना देशातल्या सर्वांत सुखवस्तू लोकांचा खर्च रुपयांतही कमी झाला, असे बाजारातल्या मोटारी, फ्लॅट, परदेशवाऱ्या पाहता पटत नाही. एका वर्षात गिनी एवढा उतरण्यामागे खालच्यांची थोडी सुधारणा आहे, तशीच वरच्यांची गैरहजेरीही असावी, असे माझे मत. आणि चार जणांच्या घराचा महिन्याला ८०-८५ हजार खर्च हा जर शहरी भारताच्या वरच्या ५ टक्क्यांची सरासरी असेल, तर मुंबई-पुण्यातल्या कोणत्याही मोठ्या सोसायटीत राहणाऱ्याला समजेल की पाहणीने गाठलेले ‘वर’ किती खाली आहे.

हे गैरहजर लोक हिशेबात घेतले तर काय होते, याचा एक सोपा पडताळा ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ अँथनी अ‍ॅटकिन्सन यांनी दिला होता. पाहणीतून सुटलेल्या छोट्या गटाचा उत्पन्नातला वाटा ‘व’ धरा. पाहणीचा गिनी (१ – व) ने गुणा आणि त्यात ‘व’ मिळवा. पाहणीचा उत्पन्न-गिनी ०.४० आणि सुटलेल्या १ टक्क्याचा वाटा ०.२० असेल तर ०.४० × ०.८० = ०.३२, अधिक ०.२० = ०.५२. फक्त १ टक्का माणसे पाहणीत नव्हती आणि विषमता ०.४० ची ०.५२ झाली. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबचे काम याच धर्तीचे आहे. त्यांनी पाहणीला प्राप्तिकराचे तक्ते आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे जोडून २०२२-२३ साठी वरच्या १ टक्क्याचा उत्पन्नातला वाटा २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के काढला. या पद्धतीलाही मर्यादा आहेत. प्राप्तिकर भरणारे लोकसंख्येच्या मानाने थोडे. मधल्या मोठ्या वर्गाचे उत्पन्न खर्चावरून गृहीतकाने ठरवावे लागते आणि ते गृहीतक बदलले तर आकडा काही टक्के वर-खाली होतो. तरी वरच्या टोकाबद्दल हे माप पाहणीपेक्षा जवळचे आहे. खालच्या टोकाबद्दल पाहणी जवळची. ज्याचा त्याचा उपयोग तिथे करावा.

पाहणी आणि राष्ट्रीय लेखा (देशाच्या एकूण उत्पन्न-खर्चाचा सरकारी हिशेब) यांतली दरी तर जुनीच. पाहणीतला एकूण खर्च देशपातळीवर गुणून बघितला तर राष्ट्रीय लेख्यातल्या खासगी उपभोगाच्या निम्म्याच्या आसपास भरतो. त्यामुळे दरडोई उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या पुढे गेले (२०२४-२५, चालू भावाने, २०११-१२ च्या पायाभूत मालिकेत २,०५,३२४) हे ऐकून ‘चार माणसांच्या घरात आठ लाख यायला हवेत’ असा हिशेब करू नये. त्या बेरजेत कंपन्यांचा न वाटलेला नफाही आहे, सरकारचेही उत्पन्न आहे, आणि सरासरी वरच्यांमुळे ओढली जाते.

मग साध्या घराचे काय झाले? खर्चाच्या बाजूने बघितले तर २०११-१२ च्या भावाने खेड्यांतला माणशी मासिक खर्च १,४३० वरून २०२२-२३ मध्ये २,००८ आणि शहरांतला २,६३० वरून ३,५१० झाला. ११ वर्षांत ४० आणि ३३ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ३.१ आणि २.७ टक्के वाढ. वाईट नाही. पण या अकरा वर्षांत नोटाबंदी झाली, करोना झाला, आणि मधली २०१७-१८ ची पाहणी सरकारने दर्जाचे कारण देऊन नोव्हेंबर २०१९ मध्ये रोखून धरली. दोन टोके माहीत आहेत, मधला रस्ता नाही.

कमाईच्या बाजूने चित्र बरेच फिके आहे. श्रमबल पाहणीवर आधारलेले आर्थिक पाहणी अहवाल २०२४-२५ मधले आकडे पाहा. महागाई वजा केल्यावर नियमित पगारी पुरुषाची मासिक कमाई २०१७-१८ मध्ये १२,६६५ होती, २०२३-२४ मध्ये ११,८५८. पगारी बाईची १०,११६ वरून ८,८५५. स्वयंरोजगारातल्या पुरुषाची ९,४५४ वरून ८,५९१ आणि बाईची ४,३४८ वरून २,९५०. वाढली ती फक्त रोजंदारी. पुरुषाची दिवसाला २०५ वरून २४२, बाईची १२८ वरून १५९. स्वयंरोजगारातल्या स्त्रियांच्या सरासरीची घसरण जपून वाचावी. या सहा वर्षांत स्त्रियांचा श्रमबल सहभाग (काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचे प्रमाण) २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेला, आणि नव्याने आलेल्या बहुसंख्य घरच्या शेतात किंवा छोट्या कामात आल्या. कमी कमावणाऱ्या वाढल्या की सरासरी खाली येते. पण पगारी पुरुषांच्या घसरणीला ही सबब पुरत नाही. ती खरी घसरण आहे आणि माझ्या दृष्टीने हा या सगळ्या आकड्यांतला सर्वांत काळजीचा आकडा आहे. त्याच काळात नियमित पगारावरच्या कामगारांचे प्रमाण २२.८ वरून २१.७ टक्के झाले, स्वयंरोजगार ५२.२ वरून ५८.४ टक्के, आणि शेतीवर असलेले ४४.१ वरून ४६.१ टक्के. विकसित होणाऱ्या देशात माणसे शेतीतून बाहेर पडायला हवीत. आपल्याकडे ती परत गेली.

कमाई अडली आणि खर्च वाढला, तर पैसा आला कुठून? तीन वाटा दिसतात. एक, त्याच घरात कमावणारे हात वाढले. माणशी कमाई घटली तरी घराची बेरीज थोडी वाढते. दोन, मोफत धान्य. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्यातल्या सुमारे ८१ कोटी लोकांना धान्य (प्राधान्य गटाला माणशी महिना ५ किलो) फुकट मिळते, तेवढी रोकड तेल, दूध, मोबाइल रिचार्ज, शिकवणीकडे वळते. तीन, बचत कमी आणि कर्ज जास्त. २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या ५ टक्क्यांच्या आसपास, कित्येक दशकांतल्या नीचांकावर आली होती. पहिल्या दोन वाटा टिकतील. तिसरी किती दिवस?

महाराष्ट्राबद्दल. २०२२-२३ मध्ये राज्याच्या खेड्यांतला माणशी मासिक खर्च ४,०१० आणि शहरांतला ६,६५७ रुपये. देशाचा ३,७७३ आणि ६,४५९. दरडोई उत्पन्नात वरच्या राज्यांत गणल्या जाणाऱ्या महाराष्ट्राची खेडी देशाच्या सरासरीपेक्षा जेमतेम ६ टक्के वर आहेत. गोव्यात खेडी ७,३६७, शहरे ८,७३४. तिथे गाव-शहर अंतर १९ टक्के, महाराष्ट्रात ६६ टक्के. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये जुलै २०२४ पासूनचे आहेत आणि २०२३-२४ ची पाहणी जुलै २०२४ मध्येच संपली, म्हणून त्या योजनेचा परिणाम या आकड्यांत शोधू नये.

रेशनकार्डावरूनही गरिबी मोजू नये. महाराष्ट्रात पिवळे कार्ड वार्षिक १५,००० पर्यंतच्या उत्पन्नाला, केशरी १ लाखापर्यंत आणि त्यावर पांढरे, अशी जुनी विभागणी आहे. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य गटासाठी ग्रामीण ४४,००० आणि शहरी ५९,००० ची मर्यादा. वर्षाला १५,००० म्हणजे महिन्याला १,२५०, अख्ख्या घराचे! आज एवढ्यावर घर चालूच शकत नाही. तहसीलच्या दाखल्यावरचा आकडा योजनेच्या मर्यादेत बसवलेला असतो, हे देणाऱ्यालाही माहीत असते आणि घेणाऱ्यालाही. ती यादी हक्काची आहे, मापाची नव्हे.

आपले घर देशात कुठे बसते, हे बघायचे असेल तर असे करा. महिन्याचा सगळा खर्च लिहा: किराणा, दूध-भाजी (एका आठवड्याची लिहून ३० ने गुणा आणि ७ ने भागा), भाडे, वीज, गॅस, प्रवास, फोन, औषधे. कपडे, शाळेची फी, दवाखाना, गाडी-फ्रिजसारख्या वस्तू वर्षाच्या धरून १२ ने भागा. कर्जाचे हप्ते, एसआयपी, घर-जमिनीची खरेदी धरू नका. पाहणीही ती खर्चात धरत नाही. स्वतःच्या घराचे मानीव भाडेही धरू नका. शेतातले घरी खाल्लेले धान्य गावच्या भावाने मिळवा. आलेल्या बेरजेला घरातल्या माणसांनी भागा, लहान मुलेही पूर्ण मोजा. मग २०२२-२३ च्या शहरी उतरंडीशी ताडा: मधल्या पट्ट्याची (४०–५० टक्के) सरासरी ४,९६३, ७०–८० टक्क्यांची ७,६७३, ८०–९० ची ९,५८२, ९०–९५ ची १२,३९९. खेड्यांत याच जागी ३,०९४, ४,४५८, ५,३५६ आणि ६,६३८. आज ताडताना मधल्या वर्षांची महागाई वजा करायला विसरू नका. चार माणसांत ४०,००० खर्चणारे शहरी घर स्वतःला ‘मध्यमवर्गीय’ म्हणते. या उतरंडीत ते वरच्या पाचव्या भागात आहे.

ज्यांना स्वतः आकडे काढायचे आहेत त्यांच्यासाठी एवढेच की पाहणीची घरनिहाय माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या पोर्टलवर मोफत आहे. प्रत्येक घराला दिलेला गुणक (ते घर किती घरांच्या वतीने मोजले जाते तो आकडा) लावल्याशिवाय सरासरी काढू नका, कारण प्रत्येक गावातून किंवा शहरी ब्लॉकमधून १८ घरे निवडताना थरांनुसार संधी वेगळी ठेवलेली असते. आणि गरिबी घरांची नाही, माणसांची मोजायची असते; म्हणून घराचा गुणक घरातल्या माणसांनी गुणा. गरीब घरे मोठी असतात. ही एक पायरी गाळली तर गरिबी कमी दिसते.

उत्पन्नाची पहिली राष्ट्रीय पाहणी २०२६ साठी आखली गेली. तिच्या ऑगस्ट २०२५ मधल्या चाचणीत सुमारे ९५ टक्के लोकांना प्रश्न खासगी आणि नाजूक वाटले, आणि बहुतेकांनी प्राप्तिकराबद्दल सांगायला नकार दिला. तेव्हा तिचे निकाल येतील तेव्हा गिनी बघण्याआधी मागची परिशिष्टे उघडावीत. उत्तर नाकारणारी घरे किती आणि ती कोणत्या थरातली होती. त्यांच्या जागी बदली घरे घेतली का. शेतीत घरच्या श्रमाची किंमत वजा केली की नाही. तोट्यातली, उणे उत्पन्नाची घरे ठेवली की शून्य धरली. मोफत धान्य आणि रोख अनुदाने उत्पन्नात धरली का. आणि सांगितलेले उत्पन्न त्याच घराच्या खर्चापेक्षा कमी निघाले अशी घरे शेकडा किती. हा शेवटचा आकडा छापलेला असेल, तर पाहणीवर किती विसंबायचे ते त्यावरून ठरवता येईल.